दक्षिणी कागदाचा धंदा व टिकाऊपणाची विद्या

जुन्या दप्तरांशीं ज्यांचा नित्याचा संबंध आहे त्यांस एक विलक्षण गोष्ट ठाऊक असते. पेशवाईंतील एखादें पत्र रुमालांतून काढून उलगडलें तर तें अडीचशें वर्षांनंतरही घडीवर सहसा तुटत नाहीं. त्याच पत्राची नक्कल इ. स. १९२० किंवा १९३० च्या सुमारास छापलेल्या खंडांत पाहूं गेल्यास मात्र पान उलटतां उलटतां त्याचा कोपरा हातांत येतो. मूळ शाबूत आणि छाप जीर्ण, असा हा उलटा न्याय आहे. वाळवी, कसर आणि ओल यांच्याकडे बोट दाखवून आपण पुष्कळदां समाधान करून घेतों. परंतु एकाच कपाटांत, एकाच हवेंत ठेवलेल्या दोन कागदांपैकीं धाकटा आधीं मरतो, तेव्हां दोष कपाटास देतां येत नाहीं. तो कागद करणाऱ्याच्या धंद्याकडे जातो.

प्रस्तुत लेखांत आम्हीं त्या धंद्याचा विचार योजिला आहे. कागदाच्या इतिहासावर आजपर्यंत जें लिहिलें गेलें तें बहुधा कागद कोठून आला या प्रश्नाभोंवतीं फिरतें. परशुराम कृष्ण गोडे यांनीं चीनपासून हिंदुस्थानापर्यंतच्या कागदाच्या प्रवासाविषयीं १९४४ सालीं लिहिलें, त्यानें या शोधास पक्का पाया मिळाला. आमचा प्रश्न त्याहून निराळा आहे. कागदी लोकांचा धंदा आपला कच्चा माल संपवून न टाकतां इतकीं शतकें कसा चालला, आणि ज्या कारखान्यांनीं त्याची जागा घेतली त्यांस तें दीर्घकाल कां साधलें नाहीं? संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमानें नेमलेल्या आयोगानें १९८७ सालीं आपल्या अहवालानें 'शाश्वत विकास' ही कल्पना जगभर रूढ केली. पुढील पिढ्यांच्या गरजांस बाध न आणतां आपल्या गरजा भागवाव्या, असा तिचा आशय. संग्राहकांनीं तीस एक पोटकलम जोडावें असें आम्हांस वाटतें: धंद्यानें निर्मिलेली वस्तु स्वतःही त्या पुढील पिढ्यांपर्यंत पोहोंचली पाहिजे.

दक्षिणेंतील कागदाचीं ठाणीं वाचकांस परिचित आहेत. दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यानचें कागजीपुरा, शिवनेरीच्या पायथ्याचें जुन्नर, खानदेशांतील एरंडोल, आणि पुण्यास कसबा पेठेंतील कागदीपुरा. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली, त्या धामधुमींत कागजीपुऱ्याची वसाहत झाली असें परंपरा सांगते. परंपरा ती परंपराच. तथापि राजधानी आली म्हणजे दप्तर येतें, आणि दप्तर आलें म्हणजे त्यामागोमाग कागदी येतात, हा क्रम स्वाभाविक आहे. काश्मीरचा सुलतान झैन-उल-आबिदीन यानें पंधराव्या शतकांत समरकंदाहून कारागीर आणविले, त्याच्याही मुळाशीं हीच गरज होती. पुढें जुन्नरी आणि दौलताबादी हीं गांवांचीं नांवें कागदाच्या प्रतीचीं नांवें होऊन बसलीं. कागद करणारे मुसलमान कागदी आणि त्यावर लिहिणारे बहुधा ब्राह्मण व प्रभु कारकून. एकाच्या हातची विद्या दुसऱ्यास क्वचितच ठाऊक असे. आपल्या साहित्यांत लेखणी, शाई, दौत यांविषयीं कांहीं ना कांहीं सांपडतें, पण कागदाच्या कृतीविषयीं लिहिणारा जवळ जवळ मौन पाळतो, त्याचें कारण हेंच असावें.

कागद कशाचा होई हें पाहिलें म्हणजे या धंद्याचें मर्म कळतें. जुनीं गोणपाटें, तरटें, झिजलेले दोर, सुतळीचे तुकडे, चिंध्या, आणि लिहून निरुपयोगी झालेला कागद. दुसऱ्या धंद्यांनीं टाकून दिलेला माल हाच याचा कच्चा माल. वंजाऱ्याच्या बैलावरची गोणी फाटली कीं तिचें दुसरें आयुष्य कागद्याच्या घरीं सुरू होई. यांत काटकसर तर होतीच, पण त्याहून खोल असें एक कारणही होतें. ताग किंवा अंबाडीचा तंतु एकदां दोर अथवा गोणी होऊन राबून आला म्हणजे ऊन, पाऊस आणि वापर यांनीं त्यांतील चिकट द्रव्य पुष्कळसें निघून गेलेलें असतें. म्हणजे जें काम आज कारखान्यांत तीव्र क्षार व मोठा ताव देऊन करावें लागतें, त्याचा बराचसा भाग येथें शेतकरी, वंजारी आणि मोट ओढणारा बैल यांनीं फुकट करून ठेवलेला असे. जुना माल स्वस्त होता म्हणून कागदी तो घेत, एवढेंच म्हणणें पुरेसें नाहीं. तो कामास अधिक योग्य होता, हें त्यांस कळत होतें.

कृति लांबलचक व कष्टाची होती. गोणपाटाचे कुऱ्हाडीनें बारीक तुकडे करावे, ते पाण्यांत भिजवून चुन्यांत कालवावे व ढीग करून मुरूं द्यावे. नंतर ढेकीवर कुटणें. लांब लाकडी दांड्याच्या एका टोंकास जड मुसळ असतें. दुसऱ्या टोंकावर माणसानें पाय द्यावा, मुसळ उचललें जावें आणि पाय काढतांच खालच्या दगडावर पडावें. कुटलेला माल नदीवर नेऊन धुवावा, पुन्हां चुना व खार घालावा, पुन्हां कुटावा, पुन्हां धुवावा. जुन्नरास कुकडी आणि पुण्यास मुठा जवळ असल्यानें हें सोयीचें पडे. ढेकीच्या आघातांत एक गुण आहे. तो तंतु कापीत नाहीं, चेचून त्याचे पदर सोडवितो. आणि तंतु लांब राहिला म्हणजे ताव चिवट होतो. सतराव्या शतकांत हॉलंडांत पात्यांचें कुटणयंत्र निघालें, त्यानें दिवसांचें काम तासांत होऊं लागलें. परंतु पातीं तंतूचे तुकडेही पाडतात. वेग घ्यावा कीं लांबी राखावी, हा सौदा तेव्हांपासून कागदाच्या प्रत्येक कारखान्यापुढें आहे.

लगदा तयार झाला म्हणजे जमिनींत बांधलेल्या हौदांत तो पाण्याशीं मिसळीत. हौदाच्या कांठीं बसून कागदी लाकडी चौकट पाण्यांत बुडवी. चौकटीवर गवताच्या बारीक काड्या घोड्याच्या केसांनीं गुंफून केलेली सुटी चटई असे. चौकट वर उचलतांच पाणी गळून जाई व चटईवर तंतूंचा पातळ थर राही. हाच ताव. आजही जुना ताव उजेडासमोर धरल्यास ज्या समांतर रेषा दिसतात त्या या गवताच्या काड्यांच्या होत, आणि त्यांस छेद देणाऱ्या विरळ रेषा घोड्याच्या केसांच्या. ओले ताव एकावर एक रचून, दाबून, मग चुन्याच्या गुळगुळीत भिंतीवर कुंच्यानें चिकटवून वाळवीत. वाळल्यावर तांदळाची किंवा गव्हाची खळ द्यावयाची, आणि शेवटीं शंखानें किंवा अकीकासारख्या गुळगुळीत दगडानें घोटावयाचें. खळ आणि घोटाई यांमुळेंच बोरूची लेखणी मोडीच्या वेगानें धांवूं शकते. न घोटलेल्या कागदावर मोडी लिहून पाहणारास याची प्रचीति तात्काळ येईल.

या कृतींत ज्या पदार्थाकडे आमचें विशेष लक्ष वेधतें तो चुना होय. मालाचा मळ काढण्यासाठीं चुना घालीत, आणि कितीही धुतलें तरी त्याचा अंश तंतूंत राहून जाई. हवेंतील कर्बवायूशीं संयोग पावून त्याची चुनखडी होते. कागदास पुढें जें आम्ल बाधतें, मग तें हवेंतून येवो कीं शेजारच्या पुठ्ठ्यांतून, त्यास ही चुनखडी मारून टाकते. आयोवा विद्यापीठांतील टिमथी बॅरेट यांनीं चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकांतील १५७८ युरोपीय कागद तपासले. जे कागद उत्तम स्थितींत राहिले त्यांत सरसाचें व चुन्याच्या द्रव्याचें प्रमाण अधिक आढळलें. आपल्याकडे सरसाच्या जागीं खळ आहे, पण चुन्याची गोष्ट सारखीच. कागद्यास आम्लाचें रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें हें उघड आहे. त्याची विद्या कृतींत साठविलेली होती, आणि कृति बदलूं नये हा त्या विद्येचा नियम होता. अशा विद्येस शास्त्र न म्हणणें हा आमच्या मतें पंडिती दुराग्रह आहे. वैद्यांच्या पाठांत कारण न सांगतां अनुपान सांगितलेलें असतें, म्हणून कोणी आयुर्वेदास अडाणी म्हणत नाहीं.

शाईनेंही या कागदास साथ दिली. आपली शाई काजळीची. काजळी म्हणजे शुद्ध कोळसा. ती कागदास खात नाहीं. युरोपांत हिराकस व मायफळ यांची शाई चाले, आणि तिनें तेथील पुष्कळ हस्तलिखितांच्या अक्षरांच्या जागीं भोंकें पाडलीं आहेत. आपल्या सचित्र पोथ्यांत ताम्रजन्य हिरवा रंग भरलेल्या जागीं असाच क्षय दिसतो, तो संग्राहकांनीं पाहिला असेल. पोथीच्या अखेरीस तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून रक्षण करावें अशी लेखकाची विनंती असते. कागदाच्या अंगांतच शत्रु असेल अशी कल्पना त्या विनंतीच्या कर्त्यास शिवलीही नाहीं, आणि त्याच्या काळीं तिची गरजही नव्हती.

या धंद्याचे दोष झांकण्याचा आमचा हेतु नाहीं. खळीच्या लोभानें कसर येते, म्हणूनच पोथ्यांस हरताळ लावण्याची चाल पडली, व हरताळ हें विष आहे. चुन्याचें मळकट पाणी नदींत जाई. ढेकीवरील मजुराचे पाय आणि हौदावरील कारागिराचे हात वर्षभर ओलाव्यांत राबत. शिवाय उत्पादन अत्यंत थोडें. पेशव्यांच्या दप्तरास तें पुरलें; शाळा, वर्तमानपत्रें, टपाल आणि न्यायकचेऱ्या यांनीं भरलेल्या एकोणिसाव्या शतकास तें पुरणें शक्य नव्हतें. म्हणून विलायती कागद आला तो केवळ जुलमानें आला असें म्हणतां येणार नाहीं. मात्र जुलूम नव्हताच असेंही नाहीं. सर चार्ल्स वुड हे १८५९ ते १८६६ या काळांत भारतमंत्री असतांना सरकारी कामासाठीं विलायतेंतील कागदच खरीदण्याचें धोरण पडलें, असें या धंद्याच्या इतिहासकारांनीं नोंदलें आहे. सर्वांत मोठें गिऱ्हाईक गेल्यावर जुन्नरच्या हौदांत पाणी कोण भरणार?

आतां दुसरीकडे काय झालें तें पाहूं. युरोपांतही कागद चिंध्यांचाच होता. तेथें १७९९ सालीं निकोला लुई रोबेर यानें अखंड पट्टा काढणाऱ्या यंत्राचा हक्क नोंदविला, आणि यंत्राची भूक चिंध्यांनीं भागेना. वापरलेल्या कागदाची शाई काढून पुन्हां कागद करण्याची रीत युस्टुस क्लाप्रोट यानें १७७४ सालीं जर्मनींत प्रसिद्ध केली, व मॅथायस कूप्स यानें १८०० सालीं लंडनांत गवताच्या काडाच्या कागदावर पुस्तक छापून दाखविलें. म्हणजे टाकाऊ मालाचा मार्ग तेथेंही कोणास सुचला नव्हता असें नाहीं. कूप्सचा कारखाना बुडाला. जिंकलें तें लाकूड. १८४४ च्या सुमारास केलर यानें लाकूड दगडावर घांसून लगदा काढला. पुढें १८६७ पर्यंत क्षारांनीं व गंधकाच्या आम्लांनीं लाकूड शिजविण्याच्या रीती निघाल्या. त्याच्याही आधीं, १८०७ सालीं, इलिग यानें राळ व तुरटी लगद्यांतच मिसळून खळीचें काम उरकण्याची युक्ति प्रसिद्ध केली होती.

ही युक्ति फार स्वस्त, फार सोयीची, आणि आपल्या ग्रंथांच्या दृष्टीनें घातक ठरली. तुरटीपासून कागदांत हळूहळू आम्ल उत्पन्न होतें. घांसलेल्या लाकडांतील लिग्निन उजेडानें पिवळें पडून त्यांत भर घालतें. आणि आम्ल तंतूंच्या लांब साखळ्या तोडीत राहतें. कागद कोणी हात न लावतांही आपला आपण मरतो. आपले संशोधनाचे खंड, साधनांचीं पुस्तकें, नियतकालिकें ज्या काळांत निघालीं तो नेमका याच कागदाच्या भरभराटीचा काळ होता. अमेरिकेंत रिचमंड येथें विल्यम बॅरो यानें १९०० ते १९४९ या काळांतील ५०० पुस्तकांचा कागद तपासून १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. बहुतेक पुस्तकें पुढील अर्धशतकांत हाताळण्याच्या पलीकडे जाणार होतीं. मूळ पत्रें शोधून, वाचून, छापून ज्यांनीं आयुष्यें वेंचलीं, त्यांचें छापील कार्य मूळ पत्रांच्या आधीं नाहींसें होण्याचा प्रसंग आला तो या मार्गानें.

कागद मेला तो मेला, पण जंगलाचें काय? हिंदुस्थानांत युरोपासारखीं मऊ लाकडाचीं अरण्यें फक्त हिमालयांत, तीं दुर्गम. म्हणून बांबूकडे लक्ष गेलें. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत विल्यम रेट यानें बांबूचा लगदा करण्याचे दीर्घ प्रयोग केले, आणि १९२५ सालीं बांबूच्या कागदास जकातीचें संरक्षण देणारा कायदा झाला. आमच्याकडे चांद्याच्या जंगलाच्या आधारानें बल्लारपूरची गिरणी १९४५ सालीं स्थापन झाली. बांबू हें गवत आहे, तोडलें तरी पुन्हां फुटतें. तेव्हां हा कच्चा माल कधींच संपणार नाहीं, असा सर्वांचा समज. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत वंशाच्या पर्यायांमध्यें 'तृणध्वज' हा शब्द आहे, म्हणजे बांबू हें गवत असल्याचें आपल्या कोशकारांसही पक्कें ठाऊक होतें. १९२७ चा वनकायदा मात्र बांबूस वृक्षांत गणीत असे, आणि ती गणना संसदेनें २०१७-१८ च्या दुरुस्तीनें काढून टाकली. अमरसिंहास विचारलें असतें तर नव्वद वर्षें वांचलीं असतीं.

बांबू संपणार नाहीं हा समज कसा फोल ठरला याची हकीकत उत्तर कर्नाटकांत घडली. दांडेली येथें १९५० नंतरच्या दशकांत कागदाची गिरणी निघाली. तीस सरकारी जंगलांतील बांबू टनास दीड रुपया अशा नाममात्र दरानें मिळे, आणि त्याच बांबूसाठीं टोपल्या विणणाऱ्या बुरुडास बाजारांत त्याच्या कित्येक शेंपट किंमत मोजावी लागे. पंधरावीस वर्षांत बांबू आटला. गिरणीचें म्हणणें, गुरें चरतात आणि गांवकरी वणवे लावतात. १९७५ च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील माधव गाडगीळ व त्यांचे सहकारी यांनीं प्रत्यक्ष बेटें पाहून तपास केला. बांबूच्या बेटाच्या बुडाशीं काटेरी फांद्यांची दाट जाळी असते. वनखात्याची शास्त्रोक्त पद्धत अशी कीं, ही जाळी साफ करावी म्हणजे बेट मोकळें होऊन वाढेल. गांवकरी म्हणत, ती जाळी कोंबांचें कुंपण आहे. ती काढली म्हणजे गुरें व रानटी जनावरें कोंब खाऊन टाकतात. प्रयोगानें गांवकऱ्यांचें म्हणणें खरें ठरलें. त्यांत गिरणीची अतोनात तोड मिळाली. एक जंगल संपलें कीं दुसरें, तेंही संपलें कीं दूरच्या प्रांतांतलें, अशी ही चढाई होती.

या हकीकतींत धंद्यानें शास्त्र वापरलें नाहीं असें नाहीं. लगदा शिजविण्याचें शास्त्र उत्तम होतें. बेटाचें शास्त्र मात्र ज्याच्यापाशीं होतें त्याला कोणी विचारलें नाहीं, कारण दीड रुपया टन असा माल ज्यास मिळतो त्यास विचारण्याची गरजच वाटत नाहीं. जुन्नरच्या कागद्यास गोणपाट विकत घ्यावें लागे. त्याची किंमत त्यास दर ढिगामागें समजत असे. गडचिरोली जिल्ह्यांतील लेखा-मेंढा गांवच्या ग्रामसभेस एप्रिल २०११ मध्यें आपल्या वनांतील बांबू विकण्याचे वाहतूक परवाने मिळाले, व गांवानें स्वतः लिलांव पुकारून बांबू विकला. त्या दिवशीं बांबूला प्रथमच खरी किंमत आली असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

वर्ध्यास १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हां हातकागदाचा विषय त्याच्या अग्रभागीं होता. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनीं तुरुंगांत असतांना एक ग्रंथ लिहिला, तो १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या नांवाचा अर्थ 'शाश्वततेचें अर्थशास्त्र' असा होतो. जो शब्द जगास १९८७ सालीं सांपडला तो वर्ध्याच्या मंडळींस चाळीस वर्षें आधीं सांपडला होता. कागदाच्या कामीं त्यांस के. बी. जोशी हे रसायनज्ञ लाभले. जोशी यांनीं कागद्यांची कृति पाहून, तोलून, प्रमाणें ठरवून ग्रंथरूपानें लिहिली, आणि १९४० सालीं पुण्यास हातकागद संस्था उभारली. अमेरिकन पंडित डार्ड हंटर हे १९३७-३८ सालीं हिंदुस्थानांत हिंडून कागद्यांच्या वसाहती पाहून गेले, व त्यांचा ग्रंथ १९३९ सालीं निघाला. हंटर यांनीं एका मरणाऱ्या विद्येचें चित्र काढलें. जोशी यांनीं तीस औषध देण्याचा यत्न केला. दोघांचेही आपण ऋणी आहों. जयपूरजवळ सांगानेर येथें जी राष्ट्रीय हातकागद संस्था आहे तीस कुमारप्पांचेंच नांव दिलें आहे. त्या गांवचे कागजी बनियन विणणाऱ्या गिरण्यांतील सुती कातरणांचा कागद करून परदेशीं पाठवितात, म्हणजे गोणपाटाच्या जागीं कातरण आलें इतकेंच.

येथें संग्राहकांस एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. 'हातकागद' ही अक्षरें पाहून निर्धास्त होऊं नये. राळ व तुरटी हातकागदासही घालतां येते, आणि तशी ती घातली गेली आहे. अशा कागदावर उतरून घेतलेल्या नकला गिरणीच्या कागदाच्याच वाटेनें जातील. हातानें केला कीं यंत्रानें केला, याहून त्यांत काय घातलें हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

यंत्रानेंही चांगलें काम करतां येतें याचें उदाहरण तामिळनाडूंत कावेरीच्या परिसरांत करूर जिल्ह्यांत आहे. तामिळनाडू न्यूजप्रिंट ही कंपनी १९७९ सालीं स्थापन झाली व १९८४ सालीं तिचें उत्पादन सुरू झालें. तिचा मुख्य कच्चा माल उसाचीं चिपाडें. साखर कारखाने चिपाडें आपल्याच भट्टींत जाळीत. कंपनीनें त्यांस वाफ किंवा दुसरें इंधन पुरवून त्यांच्या बदल्यांत चिपाडें घेण्याचा करार केला. चिपाडें धुतलेल्या मळकट पाण्यापासून वायु काढून तो स्वतःच्या चुन्याच्या भट्टींत जाळण्याची योजना २००३ च्या सुमारास झाली, आणि शुद्ध केलेलें सांडपाणी भोंवतालच्या शेतीस दिलें जातें. वसाहतीचें नांव कागितपुरम्. तामिळ 'कागिदम्' आणि आपला 'कागद' दोन्ही फारसी 'कागझ' शब्दाचींच अपत्यें असल्यानें कागजीपुरा व कागितपुरम् हीं एकाच नांवाचीं दोन रूपें आहेत, ही गोष्ट शब्दांच्या अभ्यासकांस रुचेल. धंद्याचें तत्त्वही तेंच, शेजाऱ्यानें टाकलेला माल उचलावयाचें. हें सर्व निर्दोष आहे असें नाहीं. चिपाडांच्या बदल्यांत जें इंधन दिलें जातें त्यांत कोळसाही आहे, आणि ही कंपनी लाकडाचाही लगदा वापरते. तरी दांडेलीच्या तुलनेनें हा मार्ग शहाणपणाचा, हें मान्य करावें लागेल.

टिकाऊपणाच्या बाबतींतही कारखाने वळले आहेत. १९५० नंतर तुरटीवांचून खळ देणारीं नवीं द्रव्यें निघालीं, तेव्हां कागद आम्लरहित करणें शक्य झालें. आम्ल नसल्यामुळें त्यांत भर म्हणून चुनखडीची पूड घालतां येऊं लागली. ती तंतूहून स्वस्त पडते, म्हणून गिरण्यांनीं हा बदल आनंदानें स्वीकारला. ग्रंथपालांची पन्नास वर्षांची कळवळ एका बाजूस आणि चुनखडीचा भाव दुसऱ्या बाजूस. कोणतें पारडें जड झालें हें सांगणें नको. १९९४ सालीं टिकाऊ कागदाचें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें, त्याचा क्रमांक आयएसओ ९७०६. त्यांत कागदाचा पीएच ७.५ ते १० असावा आणि शेंकडा २ चुनखडीच्या तोडीचा क्षार शिलकींत असावा अशी अट आहे. जुन्नरच्या भिंतीवर वाळणाऱ्या तावांत जो चुना नकळत राहून जाई तो या प्रमाणानें जाणूनबुजून मागितला आहे.

संशोधनाच्या खंडांसाठीं कागद घेतांना या क्रमांकाची मागणी विक्रेत्याकडे लेखी करावी; तोंडी 'उत्तम कागद' म्हटल्यास पांढरा कागद मिळतो. जुने छापील खंड हस्तलिखितांच्या थेट लगत ठेवूं नयेत, कारण त्यांचें आम्ल शेजारच्या तावांत उतरतें. पीएच दाखविणारी लेखणी बाजारांत मिळते, ती छापील रद्दीवर चालवून पहावी; पोथीवर किंवा पत्रावर तिचा ठिपकाही पडूं देऊं नये. राहतां राहिली याद्यांची गोष्ट. आपल्या हस्तलिखितांच्या याद्यांत पत्रसंख्या, ओळी, अक्षरें आणि लांबीरुंदी देतात, पण कागदाविषयीं 'देशी' या एका शब्दावर काम भागवितात. विलायती कागदास जलचिन्हें असतात, त्यांवरून काळ ठरवितां येतो. देशी कागदास तीं नसतात, पण गवताच्या काड्यांच्या रेषा असतात. एका शेंकड्यावर ज्या पत्रांवर निश्चित मिति व स्थळ आहे अशांचेच ताव निवडून, दोन सेंटीमीटरांत किती रेषा येतात, केसांच्या रेषांमधील अंतर किती, आणि उजेडांत तंतूंचे गोळे दिसतात कीं ताव सारखा आहे, एवढ्या तीन नोंदी यादींत घातल्या तर जुन्नरी कोणता व दौलताबादी कोणता हें आज केवळ नजरेनें सांगितलें जातें तें मोजून सांगतां येण्याचा संभव आहे.